तिसऱ्या नंबरचा प्लग

कवीनं गाडीचं बॉनेट उघडू नये, असा काही कायदा नाही. असता तर बरं झालं असतं, असं मला जून २०२० मधल्या एका रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला वाटलं. माझ्या हातात तेव्हा एक स्पार्क प्लग होता. त्याच्या आट्यांमध्ये चांदीच्या तारेसारखा चकचकीत कीस अडकला होता. प्लगचे आटे पोलादाचे असतात, त्यामुळे तो कीस प्लगचा असणं शक्य नव्हतं. तो माझ्या गाडीच्या इंजिनाचा होता.

आज मी त्या चुकीबद्दल थोडं आणि चुकीनंतरच्या दोन दिवसांबद्दल जास्त बोलणार आहे. वस्तू बिघडायला एक क्षण पुरतो. आपल्याच हातानं बिघडलेली वस्तू आता कशी सुधारायची, हे ठरवायला मात्र डोकं थंड लागतं, आणि त्या वेळी नेमकं तेच थंड नसतं. शिलाई मशीन असो, नळाची तोटी असो की मोटारीचं इंजिन, सगळीकडं गोष्ट तीच आहे.

आमची गाडी मारुती ८००. २००६ सालची. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन. आज ही गाडी तयार होत नाही. २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. पण त्याआधी तीस वर्षं तिनं मध्यमवर्गीय घरांना वाहिलं आहे. आमच्याकडं ती जुनीच आली आणि घरातलीच झाली.

त्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळं गाडी दोन महिने दारात उभी होती. जूनमध्ये सुरू केली, तर मिसिंग करू लागली. म्हणजे इंजिन मधेच एक ठोका चुकवायचं आणि सगळी गाडी थरथरायची. एरवी मी ती सरळ उस्तादांकडं नेली असती. आमच्या कऱ्हाडात गेली तीस वर्षं ते गॅरेज चालवतात. पण ते मार्चमध्ये मुलीकडं विजापूरला गेले आणि राज्याच्या सीमा बंद झाल्यावर तिकडंच अडकले. गॅरेजला कुलूप होतं.

आणि गाडी तर हवी होती. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, उर्दू शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिचे कॅन्सरचे उपचार मिरजेला चालू होते. दर एकवीस दिवसांनी केमो. कऱ्हाड ते मिरज हे अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, पण जिल्हा बदलतो. एसटी त्या वेळी फक्त जिल्ह्याच्या आतच धावत होती, दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागत होता. पास काढून झाला होता. तारीख बुधवारची होती. आणि रविवारी मी ठरवलं, की प्लग साफ करणं हे काही फार मोठं काम नाही.

खरंच नाही. तीन प्लग, तीन वायरी. वायर काढायची, प्लग पान्यानं प्लग काढायचा, काजळी पुसायची, परत बसवायचा. पहिले दोन बसले. तिसरा बसेना. अर्धा वेढा गेला आणि अडकला. मला वाटलं, दोन महिने गाडी उभी होती, गंज धरला असेल. मी पान्याच्या दांड्याला पाइपाचा तुकडा लावला आणि जोर दिला. प्लग फिरला. मला आनंद झाला. पुढं तो जरा जास्तच सहज फिरू लागला, तेव्हा आनंद संपला. बाहेर काढला, तर मघाशी सांगितला तो चकचकीत कीस. मराठीत आपण आटापिटा करतो, मी त्या दिवशी आटेच पिटले.

काय झालं होतं, ते सांगतो. इंजिनाचा खालचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो या गाडीत बिडाचा असतो. पण त्याच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम हलकं, उष्णता लवकर वाहून नेणारं, पण पोलादापुढं मऊ. प्लगच्या पोलादी आट्यांनी त्यात वाकड्या वाटेनं शिरायचं ठरवलं, तर ते वाट कापत जातात. त्यात मी इंजिन गरम असतानाच प्लग काढले होते. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोन धातू अशा वेगवेगळ्या मापांत असताना त्यांच्याशी झटापट करू नये. प्लग नेहमी थंड इंजिनात काढावा आणि बसवतानाचे पहिले तीन-चार वेढे नुसत्या बोटांनी द्यावेत. बोटांना जोर नसतो, म्हणूनच ती वाकडं काम करत नाहीत. हे मला नंतर कळलं.

आता तुम्ही म्हणाल, एका प्लगचे थोडे आटे गेले, त्यात काय एवढं? थोडं गणित करू. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं, तेव्हा सिलिंडरच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या चाळीस-पन्नास पट चढू शकतो. प्लगचं भोक १४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस सेंटिमीटर. एवढ्या जागेवर तो दाब आला, की प्लगला बाहेर ढकलणारं बळ साठ-सत्तर किलो वजनाइतकं होतं. एक मोठा माणूस आतून लाथ मारतो आहे, असं समजा. आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा ही लाथ बसते. मिरजेच्या दीड-दोन तासांच्या वाटेत लाखाच्या वर वेळा. हे सगळं सोसायचं ते त्या आट्यांनी. शिवाय प्लगची उष्णताही बरीचशी या आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये उतरते. पकड सैल झाली, तर प्लग जास्त तापतो. म्हणजे आटे गेले, की पकडही गेली आणि उष्णतेची वाटही गेली.

हे गणित मला रविवारी ठाऊक नव्हतं. रविवारी मला फक्त एवढं ठाऊक होतं, की बुधवारी आपाला न्यायचं आहे आणि मी गाडी मोडली आहे. मी बॉनेट लावलं, हात धुतले आणि घरात कुणाला काही बोललो नाही. आपानं विचारलं, "झालं का रे?" मी म्हणालो, "होत आलंय."

त्या दुपारी माझ्या डोक्यात तीन उपाय आले. तिन्ही सांगतो, कारण माझ्या जागी दुसरा कुणी असता, तरी बहुधा हेच सुचले असते. पहिला, प्लगला टेप गुंडाळून किंवा चिकट लांबी लावून दाबून बसवायचा. दुसरा, तो प्लग तसाच अर्धवट ठेवून दोन सिलिंडरवर हळूहळू मिरज गाठायची. तिसरा, शेजारच्या निवृत्त मास्तरांकडं आटे पाडायच्या टॅपचा संच होता, तो आणून भोकात नवे आटे पाडायचे. मास्तर तर हौसेनं संच घेऊन दारात आलेच. टॅप तेल लावून तयार होता.

नशीब असं, की त्याच वेळी उस्तादांचा विजापूरहून फोन आला. मी सकाळी त्यांना दोनदा लावला होता. मी सगळं सांगितलं. पाइपाचा तुकडा सोडून. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पाइप लगाया क्या?" मी म्हणालो, "हां." मग ते म्हणाले, "पैले वो टॅप नीचे रखो."

या एका वाक्यानं माझं इंजिन वाचलं. उस्तादांनी पुढं कारण सांगितलं. भोकाच्या तोंडाचे आटे वाकडे झाले आहेत. टॅप तिथूनच आत जाणार, म्हणजे तोही तीच वाकडी वाट धरणार आणि आतले चांगले आटेही कापून टाकणार. पहिल्या चुकीनं नुकसान होतं, पण दुरुस्तीला जागा उरते. ती जागा जाते दुसऱ्या चुकीनं, आणि दुसरी चूक नेहमी पहिली झाकायच्या घाईत होते.

टेप आणि लांबी यांचा विषय त्यांनी हसून सोडून दिला. ज्वलनाच्या इतक्या जवळ ते टिकत नाही. दोन सिलिंडरवर चालवायचं म्हटलं, तर तिसऱ्यातलं न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर पुढं जातं आणि सायलेन्सरच्या वाटेवरचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. शिवाय सैल प्लग वाटेत निसटला, तर काय, हे त्यांनी सांगितलंही नाही. मग त्यांनी मला चार प्रश्न विचारले. मी ते ई-पासच्या कागदाच्या पाठीमागं लिहून घेतले.

आटे किती गेले? कीस कुठं गेला? गाडी अजून किती वर्षं ठेवणार? आणि गाडीत कोण बसणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी शोधायचं होतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मी टॉर्च लावून भोकात पाहिलं. तोंडाजवळचे चार-पाच वेढे चुरगळले होते. त्यांच्या खाली सरळ, स्वच्छ आटे दिसत होते. अशा लांब प्लगच्या आट्यांची उंची १९ मिलिमीटर आणि दोन वेढ्यांतलं अंतर सव्वा मिलिमीटर, म्हणजे सगळे मिळून पंधरा वेढे. त्यांतले दहा तरी शाबूत होते. मला हायसं वाटलं. पण उस्ताद म्हणाले, मोजून काम भागत नाही. प्लग आवळला, की वॉशरजवळचे पहिले काही वेढेच सर्वांत जास्त भार घेतात. आणि माझे गेले होते ते नेमके तेच.

दुसरा प्रश्न किसाचा. अॅल्युमिनियमचा कीस सिलिंडरमध्ये पडला, तर तो पिस्टनबरोबर वर-खाली होऊन भिंतीला ओरखडे काढू शकतो, किंवा व्हॉल्व्हखाली अडकू शकतो. म्हणून चावी फिरवायची नाही, गाडी ढकलून जागची हलवायचीही नाही. भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा घालून ठेवायचा. हे मी तत्काळ केलं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरातल्यांशी बोलल्याशिवाय देता येत नव्हतं. चौथ्याचं तर आपाशी बोलल्याशिवाय नाहीच. त्या रात्री जेवताना मी सगळं सांगून टाकलं. आपा एवढंच म्हणाली, "मग बुधवारची दुसरी सोय आधी बघ. गाडीचं मागून बघू."

ही गोष्ट मला सुचायला हवी होती. सोमवारी सकाळी शेजारच्या मास्तरांनी आपली गाडी आणि आपला भाचा बुधवारसाठी देऊ केला. त्या भाच्याच्या नावानं दुसरा पास मागितला. आणि गंमत बघा, ती सोय होताच माझ्या डोक्यातला कल्लोळ थांबला. बुधवारची तारीख जोवर माझ्या मानेवर बसली होती, तोवर मी इंजिनासाठी चांगला उपाय शोधत नव्हतो. बुधवारपर्यंत निभेल, एवढाच उपाय शोधत होतो.

आता खरे उपाय. उस्तादांनी ते मला पायऱ्यांसारखे मांडून दाखवले. सर्वांत वरच्या पायरीवर सर्वांत कमी धातू काढावा लागतो. खाली जावं, तसा जास्त.

पहिली पायरी, आहेत तेच आटे साफ करून सरळ करणं. इथं नवीन काही कापायचं नसतं. जुन्या प्लगच्या आट्यांवर करवतीनं उभ्या तीन-चार खाचा पाडतात, त्या खाचांत ग्रीस भरतात आणि तो प्लग हातानं हळूहळू आत-बाहेर फिरवतात. चुरगळलेले आटे जागेवर येतात, सुटा कीस खाचांतल्या ग्रीसमध्ये अडकतो. खर्च जवळजवळ शून्य.

दुसरी पायरी कॉइलची. खराब आटे काढून भोक किंचित मोठं करतात, त्यात खास मापाचे नवे आटे पाडतात आणि त्या आट्यांत स्टेनलेस स्टीलच्या तारेची एक स्प्रिंग फिरवून बसवतात. या तारेचा छेद चौकटच्या इस्पिकासारखा नव्हे, बरोबर पत्त्यांतल्या चौकटसारखा असतो. तिची बाहेरची धार हेडमध्ये बसते आणि आतली धार प्लगसाठी मूळ मापाचा नवा आटा होते. स्प्रिंग भोकापेक्षा जराशी मोठी असते, त्यामुळं बसल्यावर फुलून घट्ट धरते. ही काही तात्पुरती मलमपट्टी नाही. विमानांच्या पिस्टन इंजिनांत प्लगच्या भोकांना अशी कॉइल कारखान्यातूनच बसवलेली असते, कारण मऊ अॅल्युमिनियमपेक्षा तिचे आटे जास्त झीज सोसतात. खर्च शेकड्यांत.

तिसरी पायरी बुशची. लेथवर धातूची नळी कातून घ्यायची, बाहेरून मोठे आटे, आतून प्लगचे आटे, आणि ती हेडमध्ये बसवायची. यात भोक बरंच मोठं करावं लागतं. बुश नीट बसलं नाही, तर पुढच्या वेळी प्लगबरोबर तेही फिरून बाहेर येतं. चौथी पायरी, हेड उतरवून भोक आर्गॉन वेल्डिंगनं भरायचं आणि नव्यानं पाडायचं. तापल्यानं हेड वाकण्याची भीती असते, म्हणून त्याचा पृष्ठभाग परत घासून सपाट करावा लागतो. आणि शेवटची पायरी, हेडच बदलायचं. नवं किंवा भंगार बाजारातलं. हेड उतरवायचं म्हणजे पॅकिंग नवं, टायमिंग बेल्ट काढून परत लावायचा, कूलंट काढून परत भरायचं. खर्च हजारांत, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तो गाडीच्या किमतीशी भांडायला लागतो.

मी विचारलं, "उस्ताद, मग एकदाच पक्कं करून टाकू? बुश मारू?" ते म्हणाले, "भाई, बुश मारल्यावर बुश बिघडलं, तर पुढं काय उरतं? हेड फेकायचं. आटे साफ करून नाही जमलं, तर कॉइल उरते. कॉइल नाही टिकली, तर बुश उरतं. दुरुस्ती अशी करायची, की पुढच्या दुरुस्तीला जागा राहील."

मी कविता लिहितो. तरुणपणी गझल लिहायला लागलो, तेव्हा एका बुजुर्ग शायरांकडं इस्लाहसाठी जायचो. इस्लाह म्हणजे उस्तादानं शागिर्दाच्या शेरात केलेली दुरुस्ती. ते शायर अख्खा शेर कधी बदलत नसत. एखादा शब्द हलवत, एखादी मात्रा काढत. मी म्हणायचो, नवीनच लिहून द्या की. ते म्हणायचे, मग तो माझा होईल, तुझा राहणार नाही. गॅरेजचे उस्ताद आणि ते शायर एकमेकांना कधी भेटले नाहीत. दोघांची रीत मात्र एकच होती.

आता हे करणार कोण? चारचाकीचे दुसरे गॅरेजवाले म्हणाले, हेड उतरवावं लागेल, आठवडा लागेल. उस्तादांनीच वाट दाखवली. म्हणाले, दुचाकीवाल्याकडं जा. मोटारसायकलींची हेडंही अॅल्युमिनियमची असतात आणि त्यांचे प्लग लोक घरीच काढतात, वाकडे बसवतात. त्यामुळं कॉइलचं काम मोटारवाल्यापेक्षा दुचाकीवाल्याच्या हाताखालून जास्त जातं.

बसस्थानकामागच्या एका छोट्या गॅरेजमधला विशी-बाविशीचा मुलगा सोमवारी संध्याकाळी घरी आला. मास्क, हातात डबा. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, या वेळी पाइपासकट. पुढच्या मेकॅनिकपासून आपली चूक लपवणं म्हणजे डॉक्टरला अर्धाच आजार सांगण्यासारखं आहे. तो हसला नाही. "रोज येतंय असं, काका," म्हणाला.

विजापूरहून उस्ताद व्हिडिओ कॉलवर बघत होते. मुलानं आधी पहिली पायरी केली. खाचा पाडलेला जुना प्लग ग्रीस लावून बोटांनी फिरवला, पाव वेढा पुढं, पाव वेढा मागं. दहा मिनिटांनी त्यानं नवा प्लग घेतला. तो हातानं सरळ शेवटपर्यंत गेला. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं पाना लावला. नवा प्लग वॉशर टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश वेढा आवळायचा असतो, आणि आवळताना हाताला विरोध वाढत गेला पाहिजे. इथं विरोध थोडा वाढला आणि मग वाढायचा थांबला. पाना गुळगुळीत फिरू लागला. मुलानं हात काढून घेतला आणि फोनकडं पाहिलं.

मी म्हणालो, "बसलाय की. एवढा जोर कशाला हवा?" उस्ताद म्हणाले, "बाजारात जायला चालेल. आपाला मिरजेला न्यायला चालेल का, ते तुम्ही सांगा." चौथा प्रश्न कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. दुरुस्ती चांगली की वाईट, हे नुसत्या धातूवर ठरत नाही. तिच्यावर कोण भरवसा ठेवून बसणार आहे, यावरही ठरतं.

मग दुसरी पायरी. पिस्टन खाली आणला, म्हणजे हत्यार त्याला टेकणार नाही. टॅपला घट्ट ग्रीस लावलं, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येईल. दोन वेढे झाले, की टॅप बाहेर, पुसायचा, नवं ग्रीस, परत आत. टॅप सरळ जातो आहे ना, हे तो दोन बाजूंनी बघत होता. मग व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून आतला उरलेला कीस ओढला, आणि प्लग न लावता, पेट्रोल आणि ठिणगी बंद ठेवून इंजिन काही सेकंद स्टार्टरवर फिरवलं. भोकातून हवेचा फुसकारा आला आणि त्याबरोबर राहिलेले कण. कॉइल बसवली. तिच्या टोकाला बसवण्यापुरतं एक शेपूट असतं, ते मोडून चिमट्यानं बाहेर काढलं आणि मला दाखवलं. ते आत राहिलं असतं, तर सगळी मेहनत वाया. कॉइल आतल्या बाजूला डोकावत नाही ना, हेही पाहिलं. डोकावणारी तार लाल तापते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते.

या वेळी पाना लावल्यावर विरोध वाढत गेला आणि वाढतच राहिला. गाडी सुरू केली. प्लगभोवती साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडा नाही. कॉम्प्रेशन मोजलं, तिन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे. पण मुलगा जाताना म्हणाला, "काका, टॅप सरळ बसला, कारण आतले आटे सरळ होते. तुम्ही आधी मारला असता, तर माझा टॅप पण तसाच गेला असता." मास्तर तिथंच उभे होते. आम्ही दोघांनीही जमिनीकडं पाहिलं.

मंगळवारी मी एकटाच गाडी घेऊन तासवड्यापर्यंत जाऊन आलो, इंजिन थंड होऊ दिलं, परत तपासलं. तरी उस्तादांनी सांगितल्याप्रमाणं बुधवारी मास्तरांच्या भाच्याची गाडी तयार ठेवली होती. पहाटे दोन्ही गाड्या दारात उभ्या होत्या. मी आपाला म्हणालो, "तू ठरव. कोणत्या गाडीत बसायचं?"

तिनं विचारलं, "तुझी तपासली?"

"तीनदा."

ती आमच्या गाडीत बसली. पेठ नाका मागं टाकल्यावर मी तिला उस्तादांचे चार प्रश्न सांगितले. किती गेलं, कुठं पसरलं, अजून किती वर्षं काढायची, बरोबर कोण आहे, असं करत ती स्वतःशीच पुटपुटली आणि हसली. म्हणाली, "डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला हेच विचारलं होतं." मग बराच वेळ आम्ही दोघं इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो. तिन्ही ठोके सारखे पडत होते.

आपाचे सगळे केमो त्याच गाडीतून झाले. आपा आज आमच्यात आहे, दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते. गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर तिची पुन्हा नोंदणी केली. उस्ताद परत आले, त्यांनी बॉनेट उघडून कॉइल पाहिली, त्या मुलाचं कौतुक केलं आणि एक काम मला लावलं. आता बॉनेटच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईनं लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ही गाडी उद्या कुणाकडंही गेली, तरी त्याला ती आधी दिसेल: "तिसऱ्या नंबरला कॉइल आहे. जून २०२०. प्लग थंड इंजिनात काढावा. पहिले वेढे बोटांनी द्यावेत."

माझ्या लिखाणातला एवढा उपयोगी मजकूर दुसरा नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)